कोकणात निघालेल्या सोलापूरकरांनो, आधी तिथी बघा

दिवाळी झाली. आता गड्ड्याच्या यात्रेपर्यंत दर शुक्रवारी रात्री आपल्या गावातून टेम्पो ट्रॅव्हलर आणि क्रूझर भरभरून समुद्राकडे सुटतील. रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाल्यापासून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत समुद्र एका रात्रीवर आला आहे. दुकान किंवा ऑफिस आटोपून निघायचं, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, शनिवारी सकाळी मालवणच्या जेटीवर, होडीनं सिंधुदुर्ग, संध्याकाळी तारकर्ली, रविवारी परत. जरूर जा. शिवरायांनी कुरटे बेटावर बांधलेला तो किल्ला आपल्या पोराबाळांनी बघायलाच हवा. फक्त निघण्याआधी हे वाचा आणि गाडीतल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आपण कोरडवाहू मुलखातली माणसं. आपल्यातल्या ज्याला पोहता येतं तो बहुतेक विहिरीत शिकलेला असतो. पाठीला डबा बांधलेला आणि वर दोर धरून मामा उभा. विहिरीचं पाणी जागेवर असतं. चार हात मारले की भिंत नाहीतर पायरी लागते. समुद्राचं तसं नाही. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचं पाणी परत जाताना एखाद्या पट्ट्यात एकवटतं आणि तिथं आत ओढ लागते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसतं, म्हणून नवखी माणसं नेमकी तिथंच उतरतात. ओढीच्या विरुद्ध सरळ किनाऱ्याकडे झुंजणारा पट्टीचा पोहणाराही दमतो, आणि दमला की बुडतो. म्हणून ओढ लागली तर झुंजू नका. पाठीवर तरंगा, हात वर करून ओरडा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. सगळे कॉलेजात जाणारे, तरणेताठे.

भरती-ओहोटीचा अंदाज यायला कोकणात जन्मावं लागत नाही. दाते पंचांग तर आपल्याच सोलापुरातून निघतं. ते उघडा. पक्ष कोणताही असो, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तिथून सहाएक तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा. ओहोटी लागलेली असताना पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नका. हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. त्यामुळे किनाऱ्यावर पोचलात की तिथल्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारा आणि तो नको म्हणाला तर हुज्जत घालू नका. रीलसाठी गाडी ओल्या वाळूत घालणाऱ्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं, भरती कुणाच्या कर्जाचे हप्ते फिटायची वाट बघत नाही.

आता होडीचं. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरी बेटाकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. धडक बसली यात प्रवाशांचा काय दोष? पण बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. हे सगळं लांबचं वाटत असेल तर २१ मे २०२४ आठवा. करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि पलीकडचं इंदापूर तालुक्यातलं कळाशी, उजनीच्या पाण्यावरची नेहमीची वाट. संध्याकाळी वादळी वारा सुटला, बोट उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुलं होती. एकटा एक जण पोहत काठाला लागला.

तेव्हा होडीत पाय टाकण्याआधी जॅकेट मागा. ते अंगात घाला, बुडाखाली घेऊन बसू नका. पट्टे आवळा, मग दुसऱ्या कुणाला तरी खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही, बदलून घ्या. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान पोराला चालत नाही. पाण्यात पोर खालून निसटतं. फोटो चांगला यावा म्हणून मध्येच जॅकेट काढणारा एखादा दोस्त प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा. होडी गच्च भरलेली दिसली तर सोडून द्या. पुढची येईपर्यंत जेटीवर बसून सोलकढी प्या.

रात्रभर प्रवास करून आलात तर आधी झोपा, पाणी दुपारीही तिथंच असेल. पोटात दारू असलेल्याला गुडघाभर पाण्यातही सोडू नका. तो म्हणेल, "काय होत नाही बे!" म्हणू द्या. दंडाला धरून वाळूवर बसवा.

भिशीचे गट, महिला मंडळं, तालमी, ट्रॅव्हल्सवाले, शाळा, तुम्हाला वेगळी विनंती. प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठं माणूस नेमा, आणि त्या माणसाचा मोबाईल काढून घ्या. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, रिकामा कॅन, जॅकेट, जे तरंगेल ते फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि कुठंही चालणारा ११२. हे तिन्ही क्रमांक गाडी सोलापुरातून सुटण्याआधी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घाला.