वाद्य कुणाच्या मापाचे?

सदरा काखेत दाटला तर आपण शिंप्याला बोल लावतो, काखेला लावीत नाही. पायताण चावू लागले तर पायताण बदलतो. पाय बदलून आणावा असे घरातले कुणी सुचवीत नाही. खुर्ची, खाट, चष्मा, छत्री, सगळ्या वस्तू माणसाच्या मापाने व्हाव्यात हा आपला साधा व्यवहार. फक्त एका ठिकाणी आपण हा व्यवहार उलटा करतो. वाद्य हाती आले की माणसानेच त्याच्या मापाचे व्हायचे! मान वाकडी झाली, खांदा भरून आला, बोटे बधिर झाली, तरी आपण त्याला साधना म्हणतो आणि कौतुकाने मान डोलावतो. अर्थात ती डोलावण्याइतकी शाबूत असेल तर.

व्हायोला नावाच्या वाद्याची कथा या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. हे व्हायोलिनचे थोरले भावंड. दिसायला तसेच आणि तसेच हनुवटीखाली धरायचे. परंतु त्याच्या तारा पाच स्वर खाली लावलेल्या. आता स्वर खाली उतरला की वाद्याचे पोट वाढले पाहिजे, हा ध्वनिशास्त्राचा नियम. व्हायोलिनचे पोट सुमारे ३५.५ सेंटिमीटर लांबीचे असते. त्या हिशेबाने व्हायोला दीडपट, म्हणजे ५३ सेंटिमीटरच्या आसपास हवा. एवढा डबा खांद्यावर घेऊन पलीकडच्या टोकाला बोटे नाचवायची तर मारुतीचाच हात पाहिजे. म्हणून कारागिरांनी मांडवली केली आणि ३८ पासून ४४ सेंटिमीटरपर्यंतचे व्हायोले होऊ लागले. मांडवलीत होते तेच झाले, दोन्ही पक्ष थोडे थोडे नाराज राहिले. पोट लहान पडल्यामुळे आवाज किंचित नाकात आला. सर्दी झालेल्या प्रेमळ आत्याने अंगाई म्हणावी तसा. आणि तरीही ते वाद्य वादकाच्या खांद्याला जडच राहिले.

यावर उपाय शोधणारे पुष्कळ झाले. जर्मनीत हर्मान रिटर याने १८७० नंतरच्या दशकात ४८ सेंटिमीटरचा भव्य व्हायोला पुढे आणला. खुद्द वाग्नरला त्याचा आवाज पसंत पडला. पण पसंती कानाची होती आणि ओझे हाताला होते. धिप्पाड माणसांपलीकडे त्या वाद्याचा फारसा प्रसार झाला नाही. इंग्लंडचा थोर व्हायोलावादक लायनेल टर्टिस याला १९३७ साली हाताच्या दुखण्यापायी मैफली सोडाव्या लागल्या. पुढे तो पुन्हा वाजवू लागला, ही गोष्ट वेगळी. या टर्टिसने आर्थर रिचर्डसन या कारागिराला हाताशी धरून पावणेसतरा इंचांचा नमुना सिद्ध केला. आवाज भरदार हवा आणि हातही शाबूत राहिला पाहिजे, हा त्याचा आग्रह. दुखणे ज्याचे त्यालाच औषधाची खरी निकड कळते!

पण सर्वांत धाडस केले ते डेव्हिड रिव्हिनस या अमेरिकन कारागिराने, १९९० नंतरच्या दशकात. त्याने एक साधा प्रश्न विचारला : व्हायोलाच्या दोन्ही बाजू सारख्याच का असाव्यात? वादकाच्या शरीराच्या दोन्ही बाजू कुठे सारखे काम करतात? डावा हात खाली जाऊन वळतो, उजवा गज ओढतो. मग जिथे डावा हात अडतो तिथला वाद्याचा खांदा त्याने उतरवला. जिथे कुणाचेच काही अडत नाही तिथे पोट फुगवले. मान मधोमध न ठेवता बाजूला घेतली. बोटे ठेवण्याची पट्टी तिरपी केली, म्हणजे मनगटाला पीळ नको. वजनही उतरवले. असे हे वेडेवाकडे वाद्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की कुणीतरी चांगला व्हायोला उन्हात विसरला आणि तो वितळला! पण सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदातील डॉन एर्लिक यांच्यासारखा जाणता वादक तो घेऊन मंचावर बसला. रिव्हिनसने या वाद्याला नाव दिले ‘पेलेग्रिना’. इटालियन भाषेत त्याचा अर्थ यात्रेकरू स्त्री. आपण तिला वारकरीण म्हणू. वारकरणीचे रूप कोण पाहतो? तिचा अभंग ऐकावा.

यावर परंपरेचे अभिमानी म्हणतील, “अहो, स्ट्रादिवारीने घालून दिलेला आकार बदलणारे हे कोण?” त्यांना नम्रपणे सांगितले पाहिजे की स्ट्रादिवारी १७३७ साली वारला, आणि पुढे इसवी सन १८०० च्या आगेमागे त्याच्या बहुतेक सर्व व्हायोलिनांच्या माना काढून नव्या, अधिक लांब आणि मागे कललेल्या बसवल्या गेल्या. आज आपण हनुवटी टेकतो ती लाकडी वाटी त्याने केलेलीच नाही. ती लुई श्पोर या वादकाने १८२० च्या सुमारास काढली. चेलोवादक पूर्वी ते वाद्य पोटऱ्यांत आवळून धरीत. खालचा दांडा जमिनीवर टेकण्याची रीत रुळवली ती बेल्जियमच्या सेर्वे याने. सांगतात की शरीर सुटल्यामुळे त्याला पोटऱ्यांत चेलो धरणे जमेना. एका माणसाच्या पोटाची सोय झाली आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या पोटऱ्या सुटल्या! एवंच, परंपरा म्हणून आपण ज्याला हात जोडतो तो पुष्कळदा कुणाच्या तरी दुखऱ्या अवयवावरचा जुना उपाय असतो.

आपल्या देशात तर याहून मौजेची गोष्ट घडली. व्हायोलिन साहेबाबरोबर आले. ते कर्नाटक संगीतात आणण्याचा मान बाळुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांना देतात. आपल्या लोकांनी वाद्याला धक्का लावला नाही, बैठक बदलली. मांडी घातली, वाद्याचे एक टोक छातीशी आणि दुसरे पावलाशी टेकवले. झाले! डाव्या हाताला वाद्य तोलण्याचे काम उरले नाही आणि तो मिंडेला व गमकेला मोकळा झाला. आपले पंडित वि. गो. जोग याच बैठकीत आयुष्यभर वाजवीत आले. सोय म्हणजे आळस नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. हात मोकळा झाला म्हणून गाणे खोल गेले.

आणि मिरजेचे काय? पूर्वी शिकलगारी करणाऱ्या घराण्यांनी तिथे सतारी-तंबोरे घडवायला घेतले. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिरांनी बायकांचा तंबोरा फार पूर्वीच वेगळा केला. पुरुषांचा सुमारे पाच फूट, तर बायकांचा त्याहून लहान. स्वर उंच म्हणून तार आखूड, हे शास्त्र. पण त्याबरोबर बाईच्या खांद्याचाही विचार झाला. मापाप्रमाणे गवसणी शिवणारी ही माणसे. आपण मराठीचे लोक आकाशाला गवसणी घालण्याच्या गोष्टी करतो, पण गवसणी मुळात वाद्याच्या अंगाबरहुकूम शिवायची असते हे विसरतो.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या आळीतली एक मुलगी. वय अकरा, अंगकाठी चिमणीची, कान मात्र तयार. सतार शिकायला जाई. भोपळ्यावरून उजवा हात तारेपर्यंत नेताना खांदा कानाला लागायचा. दुखते म्हणाली तेव्हा गुरुजींनी उत्तर दिले, “सतार लहान होत नसते, हात मोठा कर.” वर्षभर तिने हात मोठा करण्याचा प्रयत्न केला. मग खांद्याने संप पुकारला आणि सतार माळ्यावर गेली. लहान मापाच्या सतारी सांगून करून घेता येतात, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हते आणि ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांनी सांगितले नाही. ती आता गणितात पहिली येते. सगळे खूश आहेत. मी मात्र त्या घरावरून जाताना अजून कान देतो.

अशी माणसे एक-दोन नसतात. अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या २,२१२ वादकांची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. वादनावर परिणाम व्हावा इतपत गंभीर असे एखादे तरी दुखणे शेकडा ७६ जणांनी सांगितले होते. ही पट्टीच्या वादकांची गत. जे सोडूनच गेले त्यांची गणना कोण करणार? ते कुठल्याच पाहणीत येत नाहीत. त्यांची वाद्ये माळ्यावर असतात.

साधनेला कष्ट हवेत, याबद्दल वाद नाही. तारेने बोटाला घट्टे पडतात ते भूषणच. पण घट्टा वेगळा आणि इजा वेगळी. घट्टा पडला की उद्या अधिक वाजवता येते. इजा झाली की उद्या वाजवताच येत नाही. एवढी कसोटी कुठल्याही आईबापाला, कुठल्याही गुरुजींना लावता येईल. पाडव्याच्या मुहूर्तावर यंदा कुणाच्या घरी सतार, व्हायोलिन, गिटार येणार असेल, तर दुकानदाराला किंमत विचारण्याआधी मुलाला वाद्य मांडीवर घेऊ द्या आणि त्याचा खांदा पाहा. खांदा कानाकडे निघाला असेल तर दुसरे माप मागा. कारागीर रागावत नाही. माप विचारणारे गिऱ्हाईक त्याला आवडते.

असो. फराळ थंडच असतो, पण चहा निवेल. वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा!