आधी शीव आखा, मग राक्षस

चांदूर बाजारात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं तिथं गेम बनवायला शिकतात. रूप बदलणारा शत्रू तयार करा म्हटलं की पहिल्याच तासात शिंगं, सुळे, लाल डोळे हजर. तो राहतो कुठं? किल्ल्यात. कुठला किल्ला? बर्फातला! गाविलगड आपल्याच जिल्ह्यात असून हे उत्तर.

माझं म्हणणं एवढंच, की रूप मागाहून काढा, आधी त्याची हद्द आखा. एक चित्र काढून दुसरं बसवलं की रूप बदलतं. त्यात भ्यायचं काय?

आमच्या आबाजींच्या गोष्टीतल्या चकव्याला तर स्वतःचं रूपच नव्हतं. तो शेजारच्या कास्तकाराचा आवाज काढायचा, पांदणीवरून वावरात न्यायचा आणि रात्रभर एकाच धुऱ्याभोवती फिरवायचा. शिवेपलीकडे त्याचं काही चालत नसे, आणि उजाडलं की खेळ खलास. उतारा एकच: "थांबून जाय, खाली बस, बिडी पेटव." (पोरांच्या गेममध्ये बिडीऐवजी कंदील ठेवू.) गेम खेळणाऱ्याचं बोट सदा पळायच्या बटणावर असतं. इथं पळेल तो अडकेल आणि बसेल तो सुटेल. याहून चांगला नियम मला तरी कुठल्या महागड्या गेममध्ये दिसला नाही.

या चकव्याला राहायला संत्र्याचा बगीचा द्या. १८ बाय १८ फुटांवर झाडं. उभं पाहा, आडवं पाहा, तिरपं पाहा, ओळ सारखीच. शेतीची लाइन रात्री येते म्हणून माणूस बॅटरी घेऊन ओलितावर निघालेला. उजेडात एक झाड येतं, मग अगदी तसंच दुसरं. मोटरचा आवाज हीच दिशेची खूण. तो एकदम दोन बाजूंनी यायला लागला की समजायचं, आपण त्याच्या हद्दीत शिरलो. खर्चही कमी, एकच झाड नीट काढलं की अख्खा बगीचा उभा राहतो.

मारीचाचंही तेच. सोन्याचं हरीण सगळ्यांना आठवतं, पण त्याचं खरं काम रामाला पर्णकुटीपासून लांब नेणं आणि मरताना रामाच्या आवाजात हाक मारणं. २०१७ च्या 'प्रे' या गेममधला शत्रू कॉफीचा कप होऊन बसतो. तिथं टेबलाटेबलावर कप असतात, म्हणून तो भिववतो. आपल्या धुऱ्यावर कप दिसला तर हसू येईल.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' आणला. दुर्गा, विष्णू, असुर घेऊन गेम चालतो हे त्यांनी जगाला दाखवलं, कौतुकच आहे. पण त्यातले महाल राजस्थानी वळणाचे. वऱ्हाडाचा नंबर कधी लागायचा?

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. एका पोरानं शत्रू म्हणून वाकलेली म्हातारी काढली. रात्री ती मांजर होते म्हणे. ते चित्र मी बाजूला ठेवायला लावलं. चेटकीण ठरवून बायांना मारहाण झाल्याच्या बातम्या अजून येतात, आणि त्यासाठी २०१३ मध्ये राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. कुणी म्हणेल, गेमच तर आहे. असेल, पण गावात जिच्याकडे बोट दाखवता येईल अशी बाई शत्रू म्हणून नको. चकव्याकडे बोट दाखवता येत नाही, म्हणूनही तो मला बरा वाटतो.

परतवाड्या-अमरावतीच्या कॉलेजातल्या पोरांनी हे मनावर घेतलं, तर चित्रांच्या आधी आवाज गोळा करावेत. रात्री ओलितावरून मारलेल्या हाका, "काबे, कुठी चालला?" म्हणणारा शेजारी, रोही हाकलणारा जागल्या. शहरातल्या स्टुडिओत बसून वऱ्हाडी काढणाऱ्या नटाचा चकवा असेल, तर आमच्याकडचं शेंबडं पोरगंही त्याच्या मागं जाणार नाही.