शहराच्या वेशीवर थांबलेला बंब

मुंबईच्या अग्निशामक दलाचा इतिहास निघाला म्हणजे आमच्याकडे दोन प्रकारची भाषा ऐकूं येते. एक पक्ष म्हणतो, इंग्रजांनीं शिस्त आणली, तांबडा बंब आणला. त्यांचें ऋण मानावें. दुसरा पक्ष म्हणतो, तें दल गोद्या, गुदामें आणि साहेबांच्या पेढ्या राखण्यासाठीं होतें. त्याचें कौतुक कशाला? दोन्ही पक्षांचें म्हणणें थोडथोडें खरें आहे. परंतु दोघांच्याहि दृष्टीआड एक गोष्ट राहते, आणि तीच यवतमाळ जिल्ह्यांतील मुकुटबनसारख्या गांवांच्या जिवावर येते. आगीच्या बाबतींत परक्या सरकारानें मागें ठेविलेली सर्वांत मोलाची वस्तु बंब ही नव्हे, तर कायद्यांतील ‘कर्तव्य’ हा शब्द होय. आणि सर्वांत घातक वस्तु म्हणजे त्या कर्तव्यास घातलेली शहराची वेस होय. स्वराज्यानें त्या शब्दाचा मान राखला, पण वेशीपलीकडे त्याला जाऊं दिलें नाहीं, ही आमची तक्रार आहे.

प्रथम त्या शब्दाची थोरवी पाहूं. १८०३ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या कोटांत आग लागून बाजाराचा मोठा भाग भस्म झाला. तरीहि पुढें कित्येक वर्षें आग विझविण्याचें काम पोलिसांच्या गळ्यांत होतें. चोर पकडणाऱ्या शिपायानेंच वेळ पडल्यास पाण्याचा नळ धरावा, अशी ती व्यवस्था. १८८७ सालीं तें काम नगरपालिकेकडे आलें, आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या ६१ व्या कलमानें अग्निशामक दल राखणें व आगीच्या प्रसंगीं जीवित आणि वित्त यांचें रक्षण करणें हें महापालिकेचें बंधनकारक कर्तव्य ठरविलें. दलाच्या अधिकाऱ्यास रस्ता बंद करण्याचा, दार फोडण्याचा, प्रसंगीं घर पाडण्याचा आणि इतर नळ बंद करून पाणी वळविण्याचा अधिकार मिळाला. या नियमांत काव्य नाहीं. पण न्याय आहे. शेजाऱ्यानें घागर घेऊन धांवून जाणें ही दया. महापालिकेनें बंब घेऊन धांवून जाणें हें देणें. दयेबद्दल आभार मानावयाचे असतात. देणें थकलें तर जाब विचारतां येतो.

हें देणें दलानें स्वतःच्या रक्तानें फेडलें आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ हें जहाज पेटलें. त्याच्या पोटांत सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यें होतीं आणि त्यांच्याबरोबर कापसाच्या गांठी होत्या. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्करी अधिकारी आणि अग्निशामक दल हे सारे तेथें होते. परंतु जहाज बुडवावें, बाहेर ओढून न्यावें, कीं जागींच पाणी मारीत राहावें, हें एका तोंडानें ठरविणारा कोणी नव्हता. चार वाजून गेल्यावर स्फोट झाले, आणि दलाचे ६६ जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. हार घालण्यापलीकडे त्या दिवसाचा कांहीं बोध असेल तर तो हाच, कीं आगीपुढें शौर्य पुरत नाहीं; हुकूम कोणाचा आणि जबाबदारी कोणाची, हें ठिणगी पडण्यापूर्वीं ठरलेलें असावें लागतें.

आतां मुंबईच्या गोदींतून वऱ्हाडांत येऊं. ही उडी दिसते तेवढी लांब नाहीं. १९०५ पर्यंत ज्याचें नांव ‘वणी’ असें होतें त्याच या यवतमाळ जिल्ह्यांतील कापूस आगगाडीनें मुंबईस जात असे. त्या काळची रीत पाहा: मुंबईच्या गुदामांत पडलेल्या गांठीच्या रक्षणास बंब सज्ज, पण तोच कापूस शेतकऱ्याच्या घरांत रचलेला असतांना पेटला, तर त्याला विचारणारें कोणी नाहीं! कापूस एकच, मालक बदलला आणि वेस ओलांडली, एवढ्यावरच त्याची किंमत वाढली. परक्या व्यापारी राज्याकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हती. पण आपल्या राज्यानें काय केलें?

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यांत आग विझविण्यास साहाय्य करणें हें गांवाच्या कामांच्या यादींत आहे. परंतु त्या साऱ्या यादीच्या डोक्यावर ‘गांवचा निधि पुरेल तेथवर’ अशी मेख मारलेली आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें शहरांसाठीं बारावी अनुसूची केली. तींत अग्निशमन सेवा स्पष्ट शब्दांनीं आली. त्याच सुमारास खेड्यांसाठीं अकरावी अनुसूची झाली. तींत एकोणतीस विषय आहेत, पण अग्निशमन नाहीं. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा प्रामुख्यानें इमारती, त्यांचे मालक आणि दाखले यांचा विचार करतो. कुटाराची गंजी, पऱ्हाटीची रास आणि गोठा यांना दाखला कोण देणार? मुकुटबनास सिमेंटचा कारखाना उभा राहिला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३८ व्या कलमानें त्याच्या भिंतीच्या आंत आगीचा बंदोबस्त बंधनकारक केला होता. भिंतीच्या बाहेर मात्र तें बंधन संपत असे आणि नशीब सुरू होत असे.

यावर ठराविक उत्तरें येतात. पहिलें असें, कीं खेड्यांत एकी असते, लोक धांवतात. धांवतात खरें; पण वैशाखांत विहिरीनें तळ गांठलेला असतो, आणि आग लागतांच प्रथम वीज तोडावी लागते, त्यामुळें मोटरपंपहि मुका होतो. बांधलेल्या बैलाचें दावें कापावें कीं घरांतलें धान्य काढावें, हें ओरडणाऱ्या शंभर माणसांतून कोण ठरविणार? गोदींत जो घोटाळा मोठ्या अधिकाऱ्यांचा झाला, तो गरीब गांवकऱ्यांचा होणार नाहीं काय?

दुसरें उत्तर, तालुक्याच्या वा जवळच्या शहराचा बंब येतोच कीं! वणी मुकुटबनापासून सुमारें तीस किलोमीटर आहे. वर्दी मिळतांच बंब निघाला आणि मार्ग मोकळा असला, तरी पाऊण तास हवा. खेड्यांसाठीं वीस मिनिटांत मदत पोंचावी, असें मान आपल्याच देशाच्या तज्ज्ञांनीं सांगितलें आहे. वीस मिनिटांनंतर गंजीची आग विझवावी लागत नाहीं. ती आपोआप विझते. शिवाय हद्दीबाहेर येणें हा त्या नगरपरिषदेचा चांगुलपणा. पुन्हा दयाच, देणें नव्हे.

तिसरें उत्तर पैशाचें. ज्या मुलखांतून कोळसा आणि चुनखडी निघते, ज्याच्या कापसावर बाजार समित्या चालतात, त्याला बंबापुरता पैसा नाहीं, हें ऐकून हंसावें कीं रडावें? खाणींच्या मुलखासाठीं २०१५ च्या कायद्यानें जिल्हा खनिज प्रतिष्ठानें स्थापन झालीं आहेत. बाधित गांवांच्या जीवितरक्षणाहून त्या निधीचा अधिक रास्त विनियोग कोणता?

आमचें मागणें मोठें नाहीं. राज्यानें कायदा करून खेड्यांच्या अग्निशमनास निधीच्या मेखेंतून सोडवावें व तें आपलें कर्तव्य मानावें. वीस मिनिटांच्या टापूंतील गांवांचा एकेक गट करून मुकुटबनसारख्या मध्यवर्ती गांवीं ठाणें असावें. त्यांत थोडे पगारी, शिकलेले जवान, आणि प्रत्येक गांवांत त्यांच्या हाताखालीं तयार झालेले स्वयंसेवक असावेत. बारमाही पाण्याची जागा ठरलेली असावी, आणि आगीच्या जागीं हुकूम कोणाचा चालेल हें गांवाच्या पोरासोरांसहि ठाऊक असावें. उद्यां एखादा पुढारी वा कारखानदार गांवास बंब भेट देईल, त्याला हार पडतील. पण देणगीच्या बंबाला चालक आणि डिझेल कोण देणार, हें कायद्यानें सांगितलेलें नसेल, तर तो बंब शोभेचाच होय.

आज खेड्यांतील घर जळाल्यावर सरकारचा माणूस येतो, नाहीं असें नाहीं. तो तलाठी असतो. त्याच्या हातीं पाण्याचा नळ नसतो, पंचनाम्याचा कागद असतो. राख मोजण्याचें कर्तव्य ज्या राज्याला कळतें, त्याला आग विझविण्याचें कर्तव्य कळूं नये, हें आम्हीं कोठवर सोसावें?