आम्ही सोफा घेतो

बेताच्या पैशात चांगला सोफा मिळत नाही, असं एक मत हल्ली सर्वत्र रूढ झालं आहे. माझा या मताला विरोध आहे. बेताच्या पैशात चांगला सोफा मिळतो. दुकानात मिळत नाही, एवढंच. आणि हे ठणकावून सांगण्याचा अधिकार मी तीन महिन्यांची पायपीट करून आणि मेहुण्याशी असलेले संबंध पणाला लावून मिळवलेला आहे.

आमच्या शहापूरच्या घरात सोफ्यावाचून काही अडलं नव्हतं. घडीच्या दोन लोखंडी खुर्च्या, एक दिवाण आणि खाली घालायला सतरंजी, एवढ्यावर आमचा पाहुणचार तीस वर्षं चालला. पण आईचे गुडघे गेले. 'जमिनीवर बसायचं नाही,' असं डॉक्टरांनी बजावलं. दिवाणाला पाठ नाही, घडीची खुर्ची तिला टोचते, आणि आतल्या खोलीतल्या खाटेवर बसून राहायला ती तयार नव्हती. "खाटेवर बसायला मी काय आजारी आहे?" तिला बाहेरच्या खोलीत, दारासमोर, कोण आलं कोण गेलं हे दिसेल अशी जागा हवी होती. आणि जिथून कुणाचा हात न धरता उठता येईल अशी. मागणी एवढीच. माझ्याजवळ रुपये होते वीस हजार.

मी सोफा घेणार ही बातमी सौ.ने कल्याणला तिच्या भावाला फोनवरून कळवली. आमचे मेहुणे हे आधुनिक गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "दाजी, लाकूडबिकूड बघत बसू नका. हल्ली फर्निचर पाच वर्षांनी बदलायचं असतं. जन्मभर एकच सोफा कोण वापरतो?"

हेच ते मत, ज्याच्याशी माझं भांडण आहे. पाच वर्षांनी सोफा बदलायचा, म्हणजे वीस हजारांचे महिन्याला तीनशे तेहतीस रुपये झाले. याला खरेदी म्हणत नाहीत, भाडं म्हणतात. ज्याच्याकडे भरपूर आहे त्यानं खुशाल भाड्यानं बसावं. ज्याच्याकडे एकदाच वीस हजार जमले आहेत त्याला हा उपदेश करणं म्हणजे उपाशी माणसाला 'हल्ली दोन वेळा जेवत नाहीत' असं सांगण्यापैकी आहे.

तरी पण दुकानं पाहिली. खोटं कशाला बोला? उल्हासनगरचा फर्निचर बाजार तर आमच्या जिल्ह्यात प्रसिद्धच आहे. तिथे दोन दिवस घालवले, इतर गावांतही हिंडलो. दुकानात गेलं की पहिला शब्द ऐकू येतो तो 'सेट'. हा शब्दच मुळी बेताच्या माणसाला बुडवायला काढलेला आहे. तीन जणांचा एक आणि एकेकट्याचे दोन. हे एकेकट्याचे दोन सोफे ज्यांच्या ज्यांच्या घरी मी पाहिले, त्यांतल्या एकावर इस्त्रीचे कपडे बसलेले असतात आणि दुसऱ्यावर वर्तमानपत्रांची रद्दी. त्यांच्या बैठकीची सोय व्हावी म्हणून आपण मधल्या सोफ्याचं लाकूड हलकं घ्यायचं!

"लाकूड कुठलं?" मी विचारायचो.

"हार्डवूड आहे काका."

"ते झालं आडनाव. नाव सांगा."

"इम्पोर्टेड आहे."

पुढे विचारायची सोय नाही. सोफा उलटा करून दाखवा म्हटलं, तर मी कुणाचं धोतर ओढायला निघालो आहे असा चेहरा व्हायचा. सोफ्याच्या पोटाला एक काळं फडकं पिना मारून बसवलेलं असतं. सगळं पाप त्या फडक्याच्या वर असतं. भुसा आणि गोंद दाबून केलेल्या फळ्या असतील, ओली पाईनची फळकुटं असतील, कुसू काढून सांधा भरण्याऐवजी नुसत्या पिना मारलेल्या असतील. आमच्याकडचा पाऊस ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको: भुशाची फळी एका श्रावणात चहातल्या बिस्किटासारखी फुगते.

आता मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेची गोष्ट घ्या. पौष पौर्णिमेला भरणारी ही जत्रा बैलांच्या बाजारासाठी नावाजलेली. तिथे बैल घेणारा माणूस काय करतो? दात बघतो, खूर उचलून बघतो, शेपटी पिळतो, चार पावलं चालवून बघतो, आणि मग रुमालाखाली हात घालून सौद्याला लागतो. बैलाचा रंग फार छान आहे, तेव्हा बांधा दावणीला, असं म्हणणारा माणूस अजून जत्रेत यायचा आहे. तोच शहाणा गडी सोफ्याच्या दुकानात शिरला की कापडाचा रंग बघून पैसे मोजतो!

सोफ्याचे दात म्हणजे फोम. त्याची 'डेन्सिटी' सांगतात, बत्तीस, चाळीस वगैरे. ऐकणाऱ्याला वाटतं परीक्षेचे मार्क असतील. वास्तविक गोष्ट सोपी आहे. एक घनमीटर फोमचं वजन जितके किलो, तितकी त्याची डेन्सिटी. म्हणजे दोन फूट लांब, दोन फूट रुंद नि पाच इंच जाड गादी चाळीसच्या फोमची असेल तर तागडीत सुमारे एकोणीसशे ग्रॅम भरली पाहिजे. बत्तीसची असेल तर दीड किलो. मेहुण्यांचा सोफा होता बत्तीस हजारांचा, 'चाळीस डेन्सिटी, गॅरंटी'. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्याच्यावर बसताच माझे गुडघे कानाला लागले. मी काही बोललो नाही. गादीची खोळ काढली, टेप लावला, दोन बाय दोन बाय पाच. गादी काखेत मारली आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन काट्यावर ठेवली. नऊशे ग्रॅम. वाणी म्हणाला, "काय भाव लावू?" सौ. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी आणि मेहुणे दोन महिने बोलले नाहीत. माझ्या मते त्यांनी दुकानदाराशी बोलायचं सोडायला हवं होतं.

खरी चीड मला याची येते की हे सगळं आमच्या तालुक्यांत घडावं. शहापूर नि मुरबाड हा सागाचा मुलूख. पण पाण्याचं जे झालं तेच लाकडाचं. तानसाचं धरण १८९२ सालचं, पुढे भातसाचं झालं. दोन्ही शहापूर तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्याच गावपाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या. तसा सागही गाडीत बसून जातो आणि आम्ही 'टीक फिनिश'वर बसतो. टीक फिनिश म्हणजे भुशाच्या फळीवर चिकटवलेला सागाचा फोटो. जंगलात राहून झाडाच्या फोटोवर बसायचं! बांधावरचा स्वतःचा साग तोडायला १९६४ च्या कायद्यान्वये परवानगी लागते, आणि ती लागावी हे योग्यच आहे, नाहीतर फोटो काढायलाही झाड उरलं नसतं. पण मग जुन्या लाकडाचं काय?

हे 'जुनं लाकूड' माझ्या डोक्यात आलं ते सासुरवाडीला. आमची सासुरवाडी मुरबाडकडे, सरळगावजवळच्या खेड्यात. सासऱ्यांचं जुनं घर दोन वर्षांपूर्वी पाडून मेहुण्यांनी तिथे स्लॅबचं बांधलं. जुन्या ओटीचे खांब, तुळया, वासे गोठ्यामागे पावसात पडले होते. वरून काळे ठिक्कर. सासूबाई म्हणाल्या, "न्या की जावईबापू, चुलीत घालण्यापेक्षा बरं." गावातल्या मिस्त्रीनं एका खांबावर रंधा मारला, आणि आतून जो मधासारखा रंग आणि सागाचा वास आला, तो कुठल्याही दुकानातल्या कॅटलॉगात नाही. सागाच्या गाभ्यात तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. तो खांब माझ्या लग्नात मांडवाला टेकून उभा होता.

मी मिस्त्रीला मापं सांगू लागलो तसं त्यानं मला थांबवलं. "इंचाचं काय घेऊन बसलात, जावईबापू? म्हातारीचा गुडघा कुठवर येतो ते सांगा." मी पुढच्या खेपेला सुतळीनं आईच्या टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतचं माप नेलं. साडेसतरा इंच भरलं. दुकानात मी पाहिलेले बहुतेक सोफे बसल्यावर चौदाच्याही खाली जात होते. त्यांतून तरुण माणूस उठतो तो जोरावर. म्हातारं माणूस उठत नाही, त्याला उठवावं लागतं. दिवसातून दहा वेळा 'अरे, जरा हात दे' म्हणावं लागणं म्हणजे काय, हे त्या सोफ्याचं चित्र काढणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

हिशेब उघड करतो. मजुरी दहा हजार, चाळीसचा फोम (वजन करून घेतलेला) नि कापड साडेपाच हजार, पॉलिश, सरस, खिळे बाराशे, आणि मुरबाडकडून किन्हवलीमार्गे शहापूरपर्यंत 'छोटा हत्ती'चं भाडं अठराशे. एकूण साडेअठरा हजार. एकच सोफा, तिघांचा. सेट नाही.

तुम्ही म्हणाल, लाकूड फुकटचं मिळालं म्हणून ही ऐट. मान्य. पण जुनी घरं दोन्ही तालुक्यांत पडताहेत, आणि त्यांचं लाकूड विकत घ्यायचं म्हटलं तरी नव्या सागापेक्षा स्वस्तच पडतं. फार तर दोघांचा सोफा करा. दोषही सांगतो: मिस्त्रीनं सात आठवडे लावले, त्यांतले तीन लग्नसराईत गेले. पाठ अंमळ ताठ झाली आहे. वर्तमानपत्र वाचता वाचता जी डुलकी लागते ती लागत नाही. आणि तो हलवायला चार माणसं लागतात, म्हणून सौ. त्याखालचा केर काढताना माझ्या माहेरचा उद्धार करते. लाकूड तिच्या माहेरचं आहे, याचा तिला अशा वेळी विसर पडतो.

आई दारासमोर बसते. पोस्टमन, भाजीवाली, शेजारची पोरं, सगळ्यांची हजेरी घेते. पहिल्या दिवशी ती दोन्ही हातांनी सागाचे हात धरून एकदम उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर काय करायचं हे ठरलेलं नसल्यामुळे पुन्हा बसली. असं तिनं चार-पाच वेळा केलं.

गेल्या महिन्यात मेहुणे आले. अबोला संपल्यानंतरची पहिलीच भेट. बसले, जरा हलले, हातावरून हात फिरवला. एका जागी त्यांचं बोट थांबलं. तिथे जुनं भोक आहे; मिस्त्री बुजवणार होता, मी बुजवू दिलं नाही. "हा आमच्या ओटीचा खांब," ते म्हणाले. "याला बाबांचा कंदील असायचा." बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "दाजी, उरलेल्या लाकडात माझा एक होईल का हो? साधाच. दोघांचा."

मी म्हटलं, "उरलेलं लाकूड तुम्ही दिवाळीत भंगारवाल्याला दिलंत."

"कितीला?"

"ते तुम्हालाच ठाऊक," मी म्हटलं. सौ.ने तेवढ्यात चहा आणला.