पतंगाच्या मिशीतलं कुलूप

सप्टेंबर-ऑक्टोबरात चिखलीहून खामगावकडे एसटीने निघालात, तर खिडकीतून पराटीच्या वावरांकडे नीट बघा. काठीला नरसाळ्यासारखं काहीतरी टांगलेलं दिसेल आणि त्याखाली पॉलिथिनची लांबट पिशवी. हा कामगंध सापळा. यात दिवा नाही की खाऊ नाही. आहे फक्त एक छोटासा रबरी तुकडा, वास लावलेला. तुमच्या-माझ्या नाकाला तो कळतसुद्धा नाही. पण सकाळी पिशवीत गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडतात. आणि गंमत म्हणजे सगळे नर!

असं का? कारण तो वास मादीचा आहे, म्हणजे तिच्या गंधासारखा कारखान्यात बनवलेला. रात्री मादी हा गंध हवेत सोडते आणि नर तो मिशांनी हुंगतो. पुस्तकात या मिशांना शृंगिका म्हणतात. त्यांच्यावर बारीक केस असतात आणि त्या केसांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. गंधाचा कण छिद्रातून आत शिरतो. आत चेतापेशीचं टोक असतं आणि त्याच्या आवरणावर असतात ग्राही प्रथिनं. ही प्रथिनं म्हणजे जणू कुलपं. प्रत्येकाची किल्ली ठरलेली. किल्ली बसली की पेशीचं दार उघडतं, विद्युतभार असलेले कण आत घुसतात आणि विजेचा बारीकसा ठोका मेंदूकडे धावतो. लगेच नर वाऱ्याच्या उलट दिशेने उडू लागतो.

पण किल्ली कुलपातच राहिली तर? सायकलची घंटी दाबलेली अडकावी, तसा ठोका वाजतच राहील आणि मादी कोणीकडे आहे ते नराला समजायचंच नाही. म्हणून केसातली विकरं गंधाचे कण झटपट तोडून टाकतात. मला तर कुलपापेक्षा याचंच जास्त नवल वाटतं!

कीटकांचा असा गंध पहिल्यांदा ओळखला तो 1959 साली, जर्मनीच्या आडोल्फ बुटेनांट यांनी, रेशीमकिड्याच्या मादीत. त्यासाठी सुमारे 5 लाख माद्या लागल्या आणि हाती आला चिमूटभरही नाही इतका पदार्थ. पुढे कळलं की या गंधाचा एकच कणसुद्धा नराच्या चेतापेशीत ठोका उठवू शकतो.

अशी कुलपं तुमच्या अंगातही आहेत बरं का. जेवणानंतर रक्तात इन्शुलिन येतं. स्नायूंच्या पेशींवरचं ग्राही ते ओळखतं, तेव्हाच पेशी साखर आत घेते. घरात आजीला मधुमेह असेल, तर पुष्कळदा हेच कुलूप नीट दाद देत नसतं.

आता पुन्हा वावरात या. बीटी कापसात अळीला मारणारं प्रथिन असतं. तेही अळीच्या आतड्यातल्या पेशींवरच्या अशाच प्रथिनाला चिकटतं. पण काही अळ्यांची कुलपं जराशी वेगळी होती. त्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली आणि 2017 साली महाराष्ट्रात बोंडअळीने कापसाची दैना केली. बोंडं नीट फुटेनात, वेचणीत कवडीच जास्त! आणि अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ती येण्याआधीच पतंगांची वर्दी लागते.

ती वर्दी हा सापळा देतो. हेक्टरी पाच सापळे, पिकाच्या थोडे वर. गंधाचं कुलूप बदललेला नर सहज सापळा चुकवेल म्हणा, पण मग त्याला मादी तरी कशी सापडणार? सापळ्यामागे सरासरी आठ पतंग, असं सलग तीन रात्री झालं, की शेतकऱ्याने उपाय करायलाच हवा.

तुमच्या घरच्या वावरात सापळे असतील, तर पिशवी बाबांना नाहीतर आजोबांना सोडू द्या. रबराला हात लावू नका, फवारणी झालेली असेल तर वावरात जाऊच नका. तुम्ही बांधावर वही घेऊन बसा. तारीख, सापळ्याचा नंबर, पतंग किती. तीन सकाळी लिहा आणि चौथ्या दिवशी बेरीज करून घरी वाचून दाखवा.