खऱ्या जयंत्या, मानलेल्या जयंत्या

गॅलिलिओ निवर्तला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य व्यासपीठांवरून आजही टाळी घेते. आम्हांस ते मान्य नाही. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, पण ती तारीख इटलीतील ग्रेगरियन कालगणनेची. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, तो इंग्लंडातील जुन्या ज्युलियन गणनेचा. दोघांना कोणतीही एकच गणना लावा. वर्षे निराळी निघतात. ग्रेगरियन गणनेने न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ रोजी पडतो.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. अचूक मोजणे हेच ज्यांचे व्रत होते, त्यांचे स्मरण आपण चुकीच्या मोजणीने करतो, हे बिघडले. खरा योगायोगही काही सिद्ध करीत नाही. स्टीफन हॉकिंग गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, ८ जानेवारी १९४२ रोजी जन्मले. त्या दिवशी आणखी सुमारे दोन लाख बालके जन्मली असावीत, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष शके १०३६ असे स्वतः नोंदविले. तिथी दिली नाही. म्हणून २०१४ साली नऊशे वर्षे मोजली गेली ती रास्तच. पण जयंतीच्या सोयीसाठी कोणी तिथी कल्पू नये. त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. त्याने स्मरणासाठी तिथी शोधली नाही, विद्यार्थी शोधले. आपणही हारतुऱ्यांआधी ‘लीलावती’तले एक तरी उदाहरण सोडवावे.