पावसाच्या माहेरी एक दिवस

म्हसवडास पाऊस म्हणजे पाहुणा. येतो उशिरा, राहतो थोडा, आणि जाताना पुन्हा केव्हा येईल ते सांगत नाही. माणगंगेच्या काठी, सिद्धनाथाच्या छायेत आयुष्य काढलेल्या आम्हांस याची सवय आहे. तथापि गेल्या उन्हाळ्यात वाड्यातील आडाचा तळ दिसला, तेव्हा थोरल्या चिरंजीवांनी वाडा विकून बिऱ्हाड पुण्यास नेण्याची गोष्ट काढली. घरात दोन मते पडली. अखेर आत्याबाई म्हणाल्या, "आधी व्याडेश्वरास जाऊन या, मग काय ते ठरवा." कुलदैवताचे नाव निघाल्यावर वादास जागा उरली नाही. आषाढातील एका सोमवारी पहाटे तीन वाजता मुलाबाळांसह मोटारीने आम्ही गुहागरची वाट धरली. आत्याबाई वयोमानामुळे घरीच राहिल्या.

गावाबाहेरच्या माळावर मोटारीच्या उजेडात एक खोकड क्षणभर थबकले आणि कुसळांत दिसेनासे झाले. कोरड्या मुलखाचा तो निरोपच म्हणावयाचा. कऱ्हाडपर्यंत रस्त्यावर धूळ होती. पाटण मागे पडले आणि काचेवर थेंब वाजू लागले. कोयनानगरास पोचेपर्यंत आभाळ व डोंगर यांमधील सीमारेषाच पुसली गेली. कुंभार्ली घाटात धुके एवढे दाट होते की मोटार पावलापावलाने न्यावी लागली. मध्येच सर ओसरली तेव्हा दरीवरून धनेशाची जोडी पंखांचा मोठा आवाज करीत गेली. मुले तर ती भलीमोठी चोच पाहून टाळ्या पिटू लागली.

धाकट्या नातवाने मात्र वेगळाच प्रश्न केला. "आजोबा, आपला पाऊस इथे कोणी अडवला?"

प्रश्न लहानाचा, पण उत्तर मोठे आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीस धडकून वर चढतात, थंड होतात, आणि आपले ओझे पश्चिमेच्या अंगास उतरवितात. पलीकडे खाली येताना तेच वारे उष्ण व कोरडे होतात. म्हणून रत्नागिरीच्या किनारपट्टीस वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर आमच्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास पडला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात.

याहून नवलाची गोष्ट कोयनेची. ही नदी मूळची पूर्वेची. महाबळेश्वरास उगम पावून कऱ्हाडास कृष्णेला मिळणारी. १९६४ साली तिचे धरण पूर्ण झाले. त्यातील पाणी बोगद्यांवाटे डोंगराच्या पोटातून पश्चिमेस पोफळीकडे उतरते, तेथे वीज निर्माण करते आणि मग वाशिष्ठीतून समुद्रास जाते. कृष्णा तंटा लवादाने १९७६ साली या वळविलेल्या पाण्यास वर्षास ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. देशावरचे पाणी देऊन आपण उजेड घेतला, असा हा व्यवहार आहे.

चिपळुणास वाशिष्ठी दुथडी भरून चालली होती. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तिने हे शहर बुडविले होते, याचे स्मरण झाल्यावाचून राहिले नाही. पुढे खाडीच्या चिखलावर एक ओंडका पडलेला दिसला. ओंडक्याने जबडा उघडला तेव्हा मुलांची बोबडी वळली. ती मगर होती! या नदीत व खाडीच्या मचूळ पाण्यात मगरींची वस्ती जुनी आहे. २०२४ च्या पावसाळ्यात तर एक मगर चिपळूणच्या भर रस्त्यावरून चालताना लोकांनी पाहिली. अशा जागी मुलांना काठाशी सोडू नये, एवढे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

गुहागरास व्याडेश्वराचे दर्शन उत्तम झाले. सागर खवळलेला होता. होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली विसावल्या होत्या, कारण जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. ओल्या वाळूत कुर्ल्या बिळांतून डोकावत होत्या. माडांवर पांढऱ्या डोक्याची, तांबूस पाठीची ब्राह्मणी घार पंख झटकीत बसली होती. याच वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवे येऊन अंडी घालतात, हे ऐकून मुलांनी तेव्हाही येण्याचे वचन आमच्याकडून घेतले.

दुपारचे जेवण ज्या घरी झाले, तेथील वृद्ध गृहिणीपाशी आम्ही सहज म्हणालो, "आपण भाग्यवान. पाण्याची ददात नाही." त्या हसल्या. "पाऊस आमच्याकडे पडतो हो, पण राहतो कुठे? वैशाखात येऊन पाहा. विहीर तळाला जाते, आणि आम्ही घागरी घेऊन वाट पाहत बसतो."

परतीच्या वाटेवर मोटारीत कोणी फारसे बोलले नाही. जेथे आकाश ओतते तेथेही पाणी पुरत नाही, हे आम्हां देशावरच्यांच्या कल्पनेतही नव्हते.

मध्यरात्री वाड्यात शिरलो तो अंगण ओले. संध्याकाळी एक लहानशी सर येऊन गेली होती. पन्हाळीखाली हंडा, कळशी, परात, एवढेच काय पण पूजेचे घंगाळही मांडलेले, आणि सारे काठोकाठ! आत्याबाई ओसरीवर जाग्या होत्या. म्हणाल्या, "एवढासाच आला, पण सांडू नाही दिला हो मी."

थोरले चिरंजीव बराच वेळ त्या भरल्या भांड्यांकडे पाहत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच गवंड्यास बोलाविले. आडातील गाळ काढावयाचा आणि माळवदाचे पाणी गाळून त्यात सोडावयाचे, असे ठरले. उरमोडीचे पाणी उपसा योजनेने माणात आले आहे, ही समाधानाची गोष्ट खरी; पण दारात पडलेला थेंब राखणे हे ज्याचे त्यानेच करावे लागते.

वाड्याच्या विक्रीची गोष्ट तूर्त राहिली आहे. पुढे पुन्हा निघणारच नाही, असे आम्ही म्हणत नाही. आडास पाणी किती दिवस पुरते, ते येत्या चैत्रात वाचकांस अवश्य कळवू.